बटणं कापून घेतलेले सदरे

दिवाळीचे फटाके संपले की आमच्या कॉलनीला मेळघाट आठवतो. एरवी वर्षभर कुणी नाव काढत नाही. गेलोच तर चिखलदऱ्याला भजी खायला आणि धुक्यात फोटो काढायला. पण थंडी पडली की कॉलनीच्या ग्रुपवर सचिवांचा संदेश येतो, जुने कपडे द्या, मेळघाटातल्या गरिबांची थंडी घालवा. खाली हात जोडलेल्यांची रांग. मग गणपती बसवायच्या हॉलमध्ये पिशव्या, गोण्या, गाठोडी येऊन पडतात, आणि एका रविवारी टेम्पो भरून धारणीकडे रवाना होतो.

मी या कॉलनीत नवीन. अमरावतीत नोकरी बरीच वर्षं झाली, पण भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. मी सरकारी प्रशिक्षण संस्थेत शिवणकाम शिकवते. हे सचिवांना कळलं आणि ते स्वतः दारात आले.

"मॅडम, तुम्ही तर कपड्यातल्याच. जरा हॉलमध्ये येऊन वेगळं करून द्याल का? पुरुषांचं, बायकांचं, मुलांचं?"

मी आनंदाने हो म्हटलं. नव्या ठिकाणी ओळखी होतील असं वाटलं.

हॉलचं दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा वास आला. न धुतलेल्या चादरींचा, घामाचा, कपाटातल्या जुनाट ओलीचा. मी ओढणी नाकाला बांधली आणि पहिली पिशवी उघडली. प्रत्येक पिशवीवर घराचा क्रमांक चिकटवला होता, कारण सचिवांना नंतर ग्रुपवर सगळ्यांचे आभार मानायचे होते.

पहिल्याच पिशवीत परकर निघाले. नाड्या ओढून घेतलेले. दुसरीत एकाच पायाची चप्पल, तिची जोडीदारीण कुठेच नाही. एक पर्स, रेक्झिनचे पापुद्रे सुटलेली, आत विरघळून चिकटलेल्या चॉकलेटासकट. शाळेचं दप्तर, एक पट्टा गायब. चेन फाटलेल्या पँटा. इलॅस्टिक मेलेल्या मुलांच्या चड्ड्या, आणि त्या धुतलेल्याही नाहीत. एका पिशवीत पुरुषांची अंतर्वस्त्रं होती, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

मग सदऱ्यांची पिशवी आली. सदरे उत्तम होते. चांगलं सुती कापड, कॉलर शाबूत, बाह्या शाबूत, घड्या नीट. मला बरं वाटलं. एक उचलून झटकला, तर पुढून उघडाच. बटणं नव्हती. तुटलेली नव्हती, कापलेली होती. बटणाच्या जागी बारीक कात्रीने दोरा तोडल्याचे ठिपके दिसत होते. दुसरा सदरा, तसाच. तिसरा, तसाच. कुणीतरी निवांत बसून, चष्मा लावून, एकेक बटण काढून घेतलं होतं. मनगटावरचीसुद्धा.

मी खाली बसले. माणूस गरिबाला सदरा देतो आणि बटणं ठेवून घेतो! थंडीत उघड्या छातीने फिरावं का त्या माणसाने? बटणं म्हणजे काय सोनं होतं?

सचिव डोकावले. मी सदरा त्यांच्यासमोर धरला.

"हो का," ते म्हणाले. "चालतं हो मॅडम. त्यांच्याकडे काय, पिना लावतात. आणि तुम्ही आहातच की. तुमच्या मुलींना सांगा, दोन दिवसांत फटाफट बटणं मारतील. त्यांचा सराव होईल."

"आणि धुवायचं कोणी?"

"आता एवढं कुठे बघत बसता? पुढच्या रविवारी टेम्पो निघतोय. फोटोग्राफर सांगितलाय."

राग खूप आला होता, पण नव्या कॉलनीत पहिल्याच महिन्यात भांडण नको असं वाटलं. मनाशी म्हटलं, जाऊ दे, लोकांना अक्कल नाही, आपल्याला हात आहेत. जमेल तेवढं नीट करू. गरम कपड्यांच्या आणि सदऱ्यांच्या पिशव्या गाडीत टाकल्या आणि त्या शनिवारी अकोल्याला निघाले. तिथे माझी आई भावाकडे असते. सुटी मिळाली की मी तिच्याजवळ जाते. ती बोलत राहते, मी हाताने काहीतरी शिवत राहते, असंच आमचं चालतं.

आईच्या खोलीत खाली सतरंजी घालून मी पिशव्या उघडल्या. सुई ओवली. आई पलंगावर बसून बघत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण कापड हातात घेतलं की तिला सगळं कळतं. तिने एक सदरा ओढून घेतला, पुढच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"हे काय आनलं व?"

"मेळघाटात वाटायचे कपडे आहेत आई. बटणं लावून देते."

"कोनं देल्ले?"

"आमच्या कॉलनीतल्या लोकांनी."

"मंग बटनं तू काहून लावून राहिली? त्यायले हात नाहीत?"

"जाऊ दे ना. कुणीतरी करायलाच पाहिजे."

"कोनी म्हंजे तूच काहून?" आईचा आवाज चढला. भावाची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "त्यायनं घान करून फेकाची अन् तू धुवाची? याच्यासाठी शिकोलं का तुले? तू आज शिवून देशीन, पुढच्या साली ते याच्याहून फाटकं आनून टाकतीन. अन् वरतून म्हनतीन, आमी दान केलं!"

तिने सदरा माझ्या अंगावर फेकला. खरंच फेकला. मला आधी तिचाच राग आला. मी आठवडाभर नोकरी करून, गाडी चालवून इथपर्यंत आले, चांगलं काम करते आहे, आणि वर ही बोलते. मीही आवाज चढवला. म्हटलं, तुला काय कळतं, थंडीत लोकं कुडकुडतात तिकडे. तेव्हा ती म्हणाली, "मले नाई कळत? मले?"

आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मी सुई खाली ठेवली. कारण आम्हा दोघींनाही एक जुना पिवळा फ्रॉक आठवला होता.

माझे वडील अकोल्याच्या कापड गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आई एका व्यापाऱ्याच्या घरी भांडी घासायला जायला लागली. एका दिवाळीला मालकिणीने तिला गाठोडं दिलं. मी सोबत होते. आईने ते घरी नेलं नाही, तिथेच अंगणात उघडलं. एकेक कपडा झटकून उजेडात धरून पाहिला, बाजारात आपण विकत घेताना पाहतो तसा. एक पिवळा फ्रॉक होता माझ्या मापाचा. पाठीची शिवण उसवलेली, पुढे कसलातरी तेलकट डाग. आईने फ्रॉकची घडी करून तो गाठोड्यात परत ठेवला, बाकीच्यातलं एक धड लुगडं बाजूला ठेवलं, आणि उरलेलं गाठोडं परत बांधून ओट्यावर ठेवलं.

"बाई, हे लुगडं नेतो. बाकीचं धुऊन, टाका मारून द्या, मंग नेईन."

मालकिणीचा चेहरा मला अजून दिसतो. ओरडली वगैरे नाही ती. तिला आधी समजलंच नाही की काय चाललंय. समजलं तेव्हा ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिथे दुसरी बाई कामाला होती. मी रस्ताभर त्या फ्रॉकसाठी रडले होते आणि आईने मला जवळ घेतलं नव्हतं की समजावलंही नव्हतं. भराभर चालत होती नुसती.

आम्ही विहारात जाणारी माणसं. आईकडे दोनच पांढरी लुगडी होती, पण त्यांच्यावर डाग पडलेला मी कधी पाहिला नाही. अकोल्याचं ऊन कापड खातं, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगायची. रंगीत कपडा उलटा करून सावलीत वाळवायचा. घामाचा झंपर तसाच टांगायचा नाही, आधी साध्या पाण्यातून काढायचा, नाहीतर काखेत विरतो. माझ्या शाळेच्या पिनोफारला ती वीतभर दुमड ठेवायची आणि दर जूनमध्ये थोडी उसवून द्यायची. जुन्या दुमडीची फिकट रेघ दिसू नये म्हणून त्यावर फीत लावायची. वर्गातल्या मुलींना वाटायचं माझ्याकडे दरवर्षी नवा नमुना येतो. सदऱ्याची कॉलर घासली की ती उसवून उलटी लावायची. आमच्या घरात ठिगळ होतं, फाटकं नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक जिला कळत होता तिला मी विचारलं होतं, तुला काय कळतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर तीच म्हणाली, "जेचं हाय त्याले नेऊन दे. चिठ्ठ्या लावल्या म्हन्तं ना घराच्या? नेऊन दे. म्हन, धुवा, बटनं लावा, मंग द्या. नाही देल्लं तरी चालते. उघडं राहन्यानं कोनी मरत नाही, पन असं पांघरून कोनाले नको."

"लोकं भांडतील आई."

"भांडू दे. तुले कामावरून तर नाही काढत कोनी."

अमरावतीला परतताना मूर्तिजापूरपर्यंत मी विचार करत होते आणि बडनेरा येईपर्यंत माझं ठरलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी हॉलमधून आणि गाडीतून पिशव्या काढल्या आणि क्रमांकाप्रमाणे घरोघरी निघाले. ज्यांचं धड आणि स्वच्छ होतं त्यांच्याकडे गेले नाही. अशी घरंही होती, खोटं कशाला बोलू. एका आजोबांनी स्वेटर धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते.

सदऱ्यांचं घर निवृत्त अभियंत्यांचं निघालं. दारात झोपाळा, झोपाळ्यावर ते. मी पिशवी खाली ठेवली.

"साहेब, याला बटणं नाहीत."

"हो, ती काढून ठेवली. कामाला येतात."

"ज्याला सदरा जाणार त्यालाही कामाला येतील."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दान दिलेली वस्तू परत आणायची? हे कोणत्या रीतीत बसतं? आणि गरिबाला काय हो, अंगावर कापड मिळाल्याशी मतलब."

"मग या पिशवीच्या तळाला तुमची एक पँटही आहे, चेन तुटलेली. ती घालून तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दाखवा. तुम्हाला चालली, तर मी तशीच पाठवते."

ते उठून उभे राहिले. मला वाटलं आता हात उगारतात की काय. "तुम्ही मला शिकवणार? तुम्ही?" असं म्हणाले. त्या दुसऱ्या 'तुम्ही'त काय होतं ते मला बरोबर ऐकू आलं. वर्षानुवर्षं ऐकत आलेय मी ते. मी म्हटलं, "हो, मीच. शिकवणं हीच माझी नोकरी आहे. बटण लावायला येत नसेल तर संस्थेत या, फी लागत नाही." आणि निघाले. मागे वळले नाही.

पुढच्या घरी एका बाईने पिशवी बघताच दार लावलं. एका घरी नवरा-बायकोत तिथेच जुंपली, चादरी न धुता कोणी भरल्या यावरून. एका बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीने दार उघडलं. तिच्या पिशवीत जवळजवळ नवे कुर्ते होते. ऑनलाइन मागवलेले, दोन धुण्यांत शिवण उसवलेले. तिने सरळ सांगितलं, "मॅडम, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. आणि वेळ कुठे आहे? उसवलं की मी नवीन मागवते, तेच परवडतं."

"तुला परवडतं गं. पण हे उसवलेलं कुणी घालायचं?"

ती वैतागली. म्हणाली, मी कुणावर जबरदस्ती केली नाही घ्यायची. मीही वैतागलेलीच होते. म्हटलं, मीही तुझ्यावर जबरदस्ती करत नाही, पिशवी तुझ्या दारात ठेवते आहे फक्त. आणि खाली उतरले.

त्या रात्री जेवायच्या वेळेला मला सचिवांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही कॉलनीची इज्जत घालवली. लोक मला शिव्या घालताहेत. एवढं चांगलं काम, त्यात तुम्ही मिठाचा खडा टाकला."

"खडा तुम्हीच उचलून बघा," मी म्हटलं. "तुमच्या घरची पिशवीही माझ्याकडेच आहे. तुमच्या मुलाच्या स्वेटरच्या बाहीवर भाजीचा रस्सा वाळलाय. उद्या आणून देते."

फोन बंद झाला. थोड्या वेळाने पाहिलं तर मला ग्रुपमधून काढलं होतं.

रविवारी टेम्पो गेला. बहुतेकांनी मी परत दिलेल्या पिशव्या जशाच्या तशा उचलून सचिवांकडे पोचवल्या होत्या. मी खिडकीतून पाहत होते. बॅनर, हार, फोटो. बटणं नसलेले सदरे धारणीच्या रस्त्याला लागले. मला वाटलं होतं निदान निम्मे लोक तरी लाजतील. कुणी लाजलं नाही. त्या दिवशी मी रडले, आणि रडण्याचाही राग आला.

पण दोन दिवसांनी ती बँकेतली मुलगी आली. हातात तीच पिशवी, चेहरा अजून घुश्शातच. "दाखवा कसं करतात," म्हणाली. मी गोड बोलले नाही, तीही नाही. दुहेरी दोरा, उलटा टाका, शेवटी गाठ. तिने दोनदा बोट टोचून घेतलं. तिसऱ्या कुर्त्याला तिचा टाका सरळ यायला लागला, तेव्हा तिने त्यातला एक स्वतःसाठी बाजूला काढला. "हा मला आवडतो. हा मीच घालते." अशी चारदोन घरं हळूहळू आली. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी आणखी दोन शाली दिल्या. गाडीच्या मागच्या सीटवर मावेल एवढं झालं, आणि एका सुटीच्या दिवशी मी आणि ती मुलगी परतवाड्यावरून घाट चढून त्याच गावी गेलो जिथे टेम्पो गेला होता.

टेम्पोतला माल समाजमंदिराच्या मागे ढिगाने पडला होता. बायकांनी त्यातलं कामाचं केव्हाच वेचून नेलं होतं. उरलेल्यावर कोंबड्या बसल्या होत्या. गावाबाहेरच्या हरभऱ्यात बुजगावण्याच्या अंगात एक उंची सुती सदरा वाऱ्याने उघडा फडफडत होता. ती मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

आम्ही आणलेलं एका कोरकू बाईच्या ओसरीवर मांडलं. ती तिथल्या बचत गटाची अध्यक्ष होती. बायका आल्या, बघून, मापाला लावून घेऊन गेल्या. कुणी हात जोडले नाहीत, मला त्याचं बरं वाटलं. सगळं आटोपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिलाई शिकवता ना? कपडा तो ठीक है. पर ये मशीन पाहून द्या ना एक बार."

आत कोपऱ्यात पोतं झाकून पायमशीन होतं. कुठल्याशा योजनेत मिळालेलं. वाटणारे आले, फोटो काढला, गेले. पहिल्या पावसाळ्यात पट्टा तुटला, बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, गंजली, आणि दुरुस्त करायला धारणीतही कुणी नव्हतं. तेव्हापासून गावातलं फाटलेलं सगळं हाताने शिवलं जात होतं, नाहीतर तसंच अंगावर घातलं जात होतं.

मला पुन्हा राग आला. सचिवांचा, योजनावाल्यांचा, झोपाळ्यावरच्या साहेबांचा. आणि तो घेऊनच मी जमिनीवर बसले, मशीन उलटं केलं, गंज खरवडला, गाडीतल्या डब्यातलं तेल सोडलं. बॉबिन केस काही कामाची उरली नव्हती. पुढच्या सुटीत अमरावतीच्या राजकमल चौकातून नवी घेतली, पट्टा घेतला, आणि एकटीच परत गेले. मशीन चालू झालं. त्या बाईने आधी एका पोराच्या दप्तराचा पट्टा शिवला, मग स्वतःच्या चोळीची बाही. मी बाजूला बसून तिचा टाका बघत होते. लांब पडत होता. मी स्क्रू फिरवून आखूड करून दिला.

अकोल्याला गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "त्या सायबानं बटनं देल्ले का मंग?"

"नाही."

"भाड्या," आई म्हणाली, आणि मला चहा ठेवायला सांगितलं.